राष्ट्रपतिपदाचा प्रचार आणि मत नसलेला मतदार

राष्ट्रपतिपदाची निवडणूक दर पाच वर्षांनी जुलै महिन्यात येते. नीलम संजीव रेड्डी यांनी २५ जुलै १९७७ रोजी पदभार घेतला, तेव्हापासून प्रत्येक नव्या राष्ट्रपतींचा शपथविधी २५ जुलैलाच होत आला आहे. आमच्या मावळात हे दिवस भातलावणीचे असतात. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतली माणसे चिखलात उभी असतात आणि लोणावळ्याचा बाजार पावसाळी पर्यटकांनी भरलेला असतो. याच दिवसांत दिल्लीत देशाचा पहिला नागरिक ठरतो. आमच्या गावात त्याचा फलक लागत नाही, सभा होत नाही, घरोघर चिठ्ठी येत नाही. तरीही वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून तो प्रचार आमच्यापर्यंत पोहोचतो, आणि आम्हाला उद्देशून असल्यासारखाच तो बोलतो. ज्यांना मत नाही त्यांच्याशी हा प्रचार नेमके काय बोलतो आणि काय बोलायचे टाळतो, हा या लेखाचा विषय आहे. मी मावळ विधानसभा मतदारसंघातला एक मतदार आहे. या विषयात माझा अधिकार एवढाच.

या निवडणुकीकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली म्हणते, राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का. तो कोणाच्या हातात जातो याची सामान्य माणसाने फिकीर कशाला करावी? दुसरी म्हणते, आपला माणूस, आपली बाई, आपल्या समाजाची व्यक्ती तिथे बसते याचा अभिमान बाळगावा आणि बाकीचा कीस काढू नये. वरवर या दोन्ही परस्परविरोधी वाटतात, पण परिणाम एकच करतात. दोन्हींमुळे उमेदवाराला प्रश्न विचारायचे राहून जातात. पहिलीला प्रश्न निरर्थक वाटतात, दुसरीला अप्रस्तुत.

आकड्यांतला मावळ

आधी हिशेब पाहू. मावळच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, त्याला पुन्हा हजाराने भागायचे, असे हे सूत्र आहे. लोकसंख्या मात्र १९७१ च्या जनगणनेची धरायची. महाराष्ट्र तेव्हा ५ कोटी ४ लाखांचा होता. २८८ आमदारांनी भागले की १७५ येतात. २०२२ च्या निवडणुकीत सर्व मतांचे एकूण मूल्य १० लाख ८६ हजार ४३१ होते. म्हणजे आमदारामार्फत मावळचा वाटा सुमारे सहा हजार दोनशेत एक. खासदाराच्या मताचे मूल्य त्या वर्षी ७०० होते, पण मावळ लोकसभा मतदारसंघ पनवेल, कर्जत, उरणपासून चिंचवड, पिंपरीपर्यंत पसरलेला असल्याने त्यात आमचा वाटा अंशाचाच.

२०११ ची जनगणना धरली तर महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य ३९० भरते. तामिळनाडूचे १९७१ च्या हिशेबाने १७६ आहे, म्हणजे आपल्यापेक्षा एकाने जास्त. २०११ च्या हिशेबाने ते ३०८ होईल. याचा अर्थ असा की आजच्या माणसांच्या हिशेबात महाराष्ट्राचा आवाज कमी मोजला जातो. हे गोठवणे मुद्दाम केलेले आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते आले आणि २००१ च्या ८४व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढले. कुटुंबनियोजन मनावर घेतलेल्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. पण त्यावर एकाही राष्ट्रपतिपदाच्या प्रचारात चर्चा झालेली मी वाचली नाही. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतले ५३८ निर्वाचक आणि २७० चा जादुई आकडा आपल्या घराघरांत ठाऊक असतो, कारण मुलगा नाही तर भाची तिकडे असते. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभर सुमारे २८ लाख मते जास्त मिळूनही त्या हरल्या, यावर आपण तासन् तास बोलतो. आपल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ का, हे मात्र माहीत नसते.

याहून गंभीर गोष्ट मताच्या गुप्ततेची आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतिपदाचे मतदान मात्र गुप्त असते, त्यात व्हिप काढता येत नाही आणि पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची त्याला लागू होत नाही. माझ्या आमदाराने माझ्या वतीने दिलेले मत कोणाला गेले, हे मला कधीच कळणार नाही. पक्षाच्या दबावापासून आमदाराला मोकळीक मिळावी म्हणून ही गुप्तता आहे. पण पक्षापासून सुटलेला आमदार मतदारालाही उत्तर देत नाही. म्हणून निकालाआधीचा प्रचार हीच एक जागा उरते, जिथे नागरिक काही विचारू शकतो.

घटना समितीत प्रा. के. टी. शाह यांनी राष्ट्रपतीची निवड थेट जनतेने करावी असा आग्रह धरला होता. नेहरू आणि आंबेडकर यांनी अप्रत्यक्ष निवडणुकीची बाजू मांडली. खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असताना राष्ट्रपतीला साऱ्या देशाकडून निवडून आणले तर दोन सत्ताकेंद्रे उभी राहतील, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. तो मला आजही पटतो. पुढे १९५२ साली शाह स्वतः राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले आणि ९२ हजार ८२७ मतमूल्य घेऊन हरले. त्या काळी एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की अर्ज भरता येई. १९७४ साली दहा-दहा आणि १९९७ साली पन्नास-पन्नास लोकप्रतिनिधींच्या सह्यांची अट आली, अनामत रक्कम पंधरा हजारांवर गेली. हौशी उमेदवारांना आवर बसला हे खरे. पण पक्षाबाहेरच्या माणसाने प्रचारात शिरून एखादा प्रश्न मांडण्याची वाटही बंद झाली.

दोन मराठी उमेदवार, दोन प्रचार

मराठी वाचकाच्या दृष्टीने या निवडणुकीचे दोन मोठे प्रसंग म्हणजे १९६९ आणि २००७.

१९६९ ची निवडणूक इंदिरा गांधी आणि काँग्रेसमधील जुन्या नेत्यांच्या संघर्षाची म्हणून सांगितली जाते. झाकिर हुसेन यांचे ३ मे रोजी निधन झाले. काँग्रेसने संजीव रेड्डींना उमेदवारी दिली, वराहगिरी वेंकट गिरी अपक्ष उभे राहिले. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १६ ऑगस्टच्या मतदानाआधी इंदिराजींनी सद्सद्विवेकाने मत देण्याचा पुरस्कार केला. या कथेत तिसरा उमेदवार कोपऱ्यात पडतो. तो चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभे केले होते.

आकडे पाहिले की हा कोपरा मधोमध येतो. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. उरलेल्या साऱ्या उमेदवारांचे मिळून ८,५०५ होते. त्यात डॉ. आंबेडकरांचे सहकारी राहिलेले पांडुरंग नथुजी राजभोज यांचे ८३१ होते, हेही आपण विसरलो. कोटा होता ४,१८,१६९. कोणीच तिथे पोहोचले नाही, म्हणून मागे पडलेल्यांच्या पुढच्या पसंती मोजल्या गेल्या. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

म्हणजे पुढच्या पसंतीतून गिरींना १८,५६२ मिळाले. किरकोळ उमेदवारांचे सारेच्या सारे ८,५०५ गिरींकडे गेले असे धरले, तरी किमान १०,०५७ देशमुखांच्या मतदारांकडूनच आले असले पाहिजेत. तेवढे मूल्य गिरींकडून काढून रेड्डींच्या पारड्यात टाकले तर गिरी ४,१०,०२० आणि रेड्डी ४,१५,४८४ होतात. निकाल फिरतो. देशमुखांच्या मतदारांतले बहुसंख्य रेड्डींकडे वळले हे खरे असले, तरी जे थोडे वळले नाहीत त्यांनी राष्ट्रपती ठरवला. ज्या निवडणुकीचे सारे श्रेय-अपश्रेय इंदिरा गांधींच्या नावावर मांडले जाते, तिचा काटा एका मराठी उमेदवाराच्या मतपेटीत अडकला होता. तो उमेदवार मराठी होता म्हणून हे झाले, असे मात्र म्हणता येत नाही. मते कोणत्या राज्यातली यावर हा हिशेब उभा नाही.

मला अधिक खटकते ते वेगळेच. बँकांचे राष्ट्रीयीकरण हा त्या प्रचाराचा तापलेला विषय होता आणि देशमुख हे राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते. याच देशमुखांच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १ जानेवारी १९४९ रोजी, रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. ते अर्थमंत्री असताना १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. सरकारी मालकी कुठे योग्य आणि कुठे नाही, यावर त्या घडीला त्यांच्याइतका अनुभवी माणूस मैदानात नव्हता. त्या प्रचाराची आज जी कथा उरली आहे तिच्यात हा अनुभव कुठेच नाही. उरला तो गटबाजीचा हिशेब आणि संसद भवनात वाटले गेलेले रेड्डींविरुद्धचे निनावी पत्रक, ज्यावरून पुढे सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला आणि राष्ट्रपती असताना गिरी स्वतः साक्षीला आले.

२००७ चा प्रचार मी दिवसागणिक वाचला. प्रतिभाताई पाटील यांची उमेदवारी जाहीर झाली आणि जळगावपासून अमरावतीपर्यंत आनंद झाला, तो आमच्याकडेही पोहोचला. विरुद्ध बाजूला उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत होते. शिवसेना त्यांच्या आघाडीत असूनही तिने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. त्या पाठिंब्याकडे अस्मितेचा विजय म्हणून पाहिले गेले. पण २०१२ साली त्याच पक्षाने पुन्हा आघाडीबाहेर जाऊन प्रणव मुखर्जींना मत दिले आणि २०२२ साली विरोधी आघाडीत असताना द्रौपदी मुर्मूंना. मुखर्जी मराठी नव्हते, मुर्मूही नाहीत. तेव्हा २००७ च्या पाठिंब्यामागे केवळ अस्मिता होती असे मानणे कठीण आहे. मित्रपक्षाला आपले वेगळेपण दाखवण्याची ही एक सुरक्षित जागा होती आणि अस्मिता ही त्या वर्षी हाताशी आलेली भाषा होती.

त्या प्रचारात प्रतिभाताईंवर आरोप झाले ते जळगावातील सहकारी बँकेचे, साखर कारखान्याचे, नातलगांचे; बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता. पडदापद्धतीवरचे त्यांचे विधान आणि आध्यात्मिक अनुभवाचे त्यांचे कथन यांवर रकाने भरले. स्त्रीला ‘राष्ट्रपती’ म्हणावे का, यावरही शाई खर्ची पडली. सभापती, सेनापती, कुलपती हे शब्द पदाचे आहेत, नवऱ्याचे नाहीत, हे मराठीला नव्याने शिकवायची गरज नव्हती. सहकारातल्या कारभाराचे प्रश्न रास्त होते आणि त्यांची उत्तरे मिळायला हवी होती. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. राष्ट्रपतींच्या टेबलावर दयेच्या अर्जांचा ढीग आहे, त्याचे तुम्ही काय करणार?

न विचारलेला प्रश्न

हा ढीग काल्पनिक नव्हता. अब्दुल कलाम यांनी पाच वर्षांत फक्त दोन दयाअर्जांवर निर्णय घेतला होता: एक फेटाळला, एकात शिक्षा कमी केली. बाकीचे अर्ज पुढच्या राष्ट्रपतींकडे गेले. प्रतिभाताईंनी त्यांच्या कारकिर्दीत तिसाहून अधिक जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्यावर २०१२ मध्ये, म्हणजे त्या पायउतार होताना, टीकेची झोड उठली. जो प्रश्न उमेदवाराला विचारायचा तो निवृत्त होणाऱ्या राष्ट्रपतींना विचारला गेला. पुढे प्रणव मुखर्जींनी अजमल कसाबचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात दयाअर्ज वर्षानुवर्षे पडून राहणे हीच एक यातना ठरवली आणि पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली.

हा प्रश्न मावळातच आला. २००७ च्या राष्ट्रपती निवडणुकीनंतर साडेतीन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीला कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंज्याच्या शिवारात नेले. तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. आज क्रिकेटच्या मैदानामुळे ओळखले जाणारे हेच ते गहुंजे, मावळ तालुक्यातले. पुण्याच्या न्यायालयाने दोघांना फाशी दिली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राज्यपालांनी २०१६ साली आणि राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतर फाशीची तारीख ठरायला जवळजवळ दोन वर्षे गेली. ती २४ जून २०१९ ठरली होती. पण अंमलबजावणीतल्या अवाजवी विलंबामुळे २९ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

फाशी असावी की नसावी, यावर माझ्या शेजारच्या दोन घरांत दोन मते आहेत. दोन्ही घरांना या प्रकरणात न्याय मिळाला असे वाटत नाही. ज्यांना फाशी हवी होती त्यांना ती मिळाली नाही, आणि ज्यांना ती नको होती त्यांना दयेऐवजी दिरंगाईच्या वाटेने ती टळलेली पाहावी लागली. या विलंबात राष्ट्रपती भवनाचा भाग लहान आणि सरकारी कचेऱ्यांचा मोठा होता. तरी कलम ७२ खालचा अधिकार ही राष्ट्रपतींची सही आमच्या शिवारापर्यंत पोहोचण्याची वाट आहे, हे या प्रकरणाने दाखवले. अर्ज किती दिवसांत निकाली काढाल, निर्णयानंतर त्याचे पुढे काय झाले याची विचारणा कराल का, एवढे विचारायला कायद्याची पदवी लागत नाही.

दुसरा प्रश्न २०२२ चा. मुर्मूंच्या उमेदवारीने आदिवासी स्त्री सर्वोच्च पदावर जाण्याची शक्यता निर्माण झाली आणि त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ मध्ये त्यांनी आदिवासींच्या जमिनींविषयीच्या कायद्यांतल्या दुरुस्त्यांची विधेयके परत पाठवली होती. प्रचारात सांगण्याजोगी खरी गोष्ट ही होती, पण तिच्यापेक्षा जन्मगाव आणि कष्टांच्या कहाण्याच अधिक दिसल्या. यशवंत सिन्हा यांनी उलट टोक गाठले. आपण निवडून आलो तर नागरिकत्व सुधारणा कायदा लागू होऊ देणार नाही, असे त्यांनी सांगितले. कलम ७४ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेला राष्ट्रपती असे काही करू शकत नाही. एका बाजूने अधिकाराविषयी मौन आणि दुसऱ्या बाजूने नसलेल्या अधिकाराचे आश्वासन, असा तो प्रचार होता. मुर्मू ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७ अशा मोठ्या फरकाने निवडून आल्या.

मावळातून विचारायचा प्रश्न साधा होता. आमच्या तिन्ही खोऱ्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. पाचव्या अनुसूचीप्रमाणे एखादा भाग अनुसूचित क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा किंवा त्याची हद्द राज्यपालांशी सल्लामसलत करून वाढवण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. १९८५ च्या आदेशात पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली गावे आहेत. मावळ त्यात नाही. म्हणून ग्रामसभेला जमिनीबाबत आणि गौण खनिजाबाबत अधिक अधिकार देणारा पेसा कायदा खेड तालुक्यापलीकडच्या वाडीला लागू होतो आणि आंदर मावळातल्या वाडीला होत नाही. मावळ त्यात यावा की नाही, यावर दोन बाजू असू शकतात. इथे आदिवासी वस्ती विखुरलेली आहे, हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण आदिवासी उमेदवाराच्या नावाने आनंद साजरा करणाऱ्यांनी, किंवा त्या आनंदावर टीका करणाऱ्यांनी, हा विषय काढलाच नाही.

शिक्का कोणत्या वेळी मारायचा

यावर रबरी शिक्का मानणाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: हे सारे मंत्रिमंडळच ठरवते, उमेदवाराला विचारून काय उपयोग? हे अर्धेच खरे आहे. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. कलम ७८ प्रमाणे माहिती मागवता येते. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली, आणि दोन्ही वेळा सरकारने त्या घडीला माघार घेतली. उलट उदाहरणेही आहेत. फक्रुद्दीन अली अहमद यांनी २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही केली. कलाम यांनी २००५ मध्ये मॉस्कोतून बिहार विधानसभेच्या विसर्जनावर सही केली, ते विसर्जन पुढे घटनाबाह्य ठरले. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, कामकाज नियम १२ चा आधार घेऊन. आम्ही उठून चहा घेईपर्यंत मुख्यमंत्री शपथ घेऊन बसले होते. यांतली सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती, त्यामुळे हा आक्षेप एका पक्षावर नाही.

या प्रत्येक वेळी शिक्का तोच होता, फरक होता तो थांबून विचारण्याचा. राष्ट्रपतीचा खरा अधिकार ‘का?’ असे एकदा विचारण्याचा आहे. शपथेतही त्याला घटनेच्या रक्षणाबरोबर जनतेच्या सेवेला आणि कल्याणाला वाहून घेण्याचे वचन द्यावे लागते. तेव्हा उमेदवाराची पारख त्याच्या जन्मगावावरून किंवा भाषणांवरून करण्यापेक्षा, याआधीच्या पदांवर त्याने कोणता कागद परत पाठवला आणि कोणता न वाचता पुढे सरकवला, यावरून करावी.

पुढची निवडणूक जुलै २०२७ मध्ये येईल. तेव्हाही आम्हाला मत नसेल, भाताची लावणी चालू असेल आणि विधानभवनात मावळचे १७५ कोणाला गेले ते कळणार नाही. पण मतदानाआधी आमदार आणि खासदार मतदारसंघात भेटतातच. वडगावच्या तहसील कचेरीत, लग्नात, दहाव्याला. तेव्हा त्यांच्यापुढे तीन प्रश्न ठेवता येतील. तुमच्या उमेदवाराने आजवर कोणत्या शिफारशीवर फेरविचार मागितला? दयाअर्जांसाठी तो मुदत पाळील का? अनुसूचित क्षेत्रांच्या हद्दींचा आढावा मागेल का? आमदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर ते शोधून आणायला त्याच्याकडे मतदानाच्या दिवसापर्यंत वेळ असेल.